हाडाचा रिपोर्ट

बाबा, तुमच्या नातीच्या गुडघ्याच्या वर गाठ आली आहे. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि ती चौदाची, म्हणजे तुम्ही तिला पाहिलंच नाहीत. पण सांगायचं तर तुम्हालाच, कारण बाकी ज्याला सांगावं तो लगेच कुठल्या तरी डॉक्टरचा नाहीतर महाराजांचा नंबर देतो. बॅडमिंटन खेळून सुजलं असेल म्हणून दोन महिने मी त्यावर बाम चोळत बसले. हो, मी! सरकारी हॉस्पिटलात तीस वर्षं हाडामांसाच्या स्लाइड्स करणाऱ्या माणसाची मुलगी! मग एक्स-रे झाला, डॉक्टरांचा चेहरा बदलला आणि गेल्या मंगळवारी हाडाचा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्टला दहा-बारा दिवस लागतील म्हणाले. तेव्हापासून माझ्या जिवाला थारा नाही. आत्ता दुपारी, मयूर विहारच्या आमच्या घरात, ती आत ट्यूशनचं काहीतरी पाठ करते आहे आणि मी गॅसवर दूध ठेवून विसरते आहे. सकाळपासून दोनदा उतू गेलं.

रविवारी मटण तुम्हीच साफ करायचात. आई म्हणायची, अहो, मुलीला शिकवा नाहीतर मटण तरी शिजू द्या, दोन्ही एकदम नको. तुम्ही कुठे ऐकताय! नळीच्या टोकावरची ती पांढरी, गुळगुळीत टोपी नखाने दाखवायचात. ही कूर्चा, हिच्यात रक्त नाही, आजूबाजूने झिरपेल तेवढ्यावर जगते, म्हणून एकदा फाटली की लवकर भरून येत नाही. हाडाचं तसं नाही, हाड मोडलं तरी सांधतं, कारण त्याच्यात रक्त खेळतं. दगड समजू नकोस त्याला. आणि हे मांस म्हणजे स्नायू, हा आखडतो तेव्हा हाड हलतं, एरवी तुझा सांगाडा नुसता उभा राहील खांबासारखा. मी नाक मुरडून म्हणायचे, बाबा, यार, मला जेवायचंय! नववीत तुम्ही मला लॅबमध्ये नेलंत आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलंत. कूर्चेच्या पेशी आपापल्या खोल्यांत दोन-दोन करून बसलेल्या, हाडात कांद्याच्या चकतीसारखी वर्तुळं, स्नायूच्या धाग्यांवर आडवे पट्टे. मुलं उंच होतात ती कशामुळे, हेही तेव्हाच सांगितलंत: लांब हाडाच्या टोकाजवळ कूर्चेची एक पट्टी असते, ती वाढत जाते आणि मागून तिचं हाड होत जातं. तुमच्या नातीची गाठ त्या पट्टीलाच लागून आहे, बाबा. मागच्या वर्षभरात चार बोटं उंच झाली. मी कौतुकाने दारावर खुणा करत होते.

आणि तो शनिवार. मी अकरावीत होते, दिवाळीच्या कपड्यांसाठी करोल बागला जायचं ठरलं होतं, आणि मी तुम्हाला आणायला लॅबमध्ये आले होते. तुमच्यापुढे बाटलीत कुणाच्या तरी हाडाचा तुकडा आम्लात पडलेला. मांस लगेच कापता येतं, पण हाडातला चुना आधी हळूहळू काढावा लागतो, नाहीतर पातं चालत नाही. तुम्ही म्हणालात, अजून कडक आहे, सौम्य आम्ल बदलत राहावं लागेल, आज राहू दे. मी किती कटकट केली! रडले, पाय आपटले. शेवटी तुम्ही बाटलीत तीव्र आम्ल ओतलंत आणि आपण गेलो. सोमवारी स्लाइडमध्ये सगळं नुसतं गुलाबी, पेशी जळून गेलेल्या, काही वाचता येईना. त्या माणसाचा पाय पुन्हा उघडावा लागला. तुम्ही स्वतः वॉर्डात जाऊन त्याच्या आईला सांगितलंत, माझ्याकडून चूक झाली. घरी मी विचारलं, माझ्यामुळे ना? तुम्ही म्हणालात, "तू मूल आहेस, मागणारच. ऐकायचं नव्हतं ते मी." एवढंच बोललात. मला वाटतं, एक सणसणीत थप्पड दिली असतीत तर बरं झालं असतं. आणि तो ड्रेस मी दिवाळीत मिरवलासुद्धा.

काल आम्ही गाझियाबादला, तुकडा पाठवला त्या लॅबमध्ये गेलो. हे म्हणाले, अगं, आजकाल सगळं दोन दिवसांत होतं, जाऊन बोलू तर खरं. तिथले टेक्निशियन माझ्याच वयाचे, चष्मा कपाळावर, माणूस भला. वडील हेच काम करायचे म्हटल्यावर त्यांनी मला खुर्ची दिली. मग हळूच म्हणाले, "मैडम, आप कहें तो थोड़ा तेज़ कर दूँ? परसों दे दूँगा. थोड़ा रिस्क है, पर अक्सर ठीक ही आता है." ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नहीं भैया, जितना टाइम लगता है, लगने दो." परतीच्या वाटेवर हे गाडी चालवताना म्हणाले, बिल्कुल बाबांची मुलगी आहेस. घरी येऊन लेकीला सांगितलं, अजून आठ दिवस. ती चिडली. आई, तुला काहीच घाई नाही का? तेवढ्यात ह्यांचा नणंदबाईंना फोन, हिच्यात वडिलांचा धीर आहे हो.

कसला धीर, बाबा! त्यांनी परसों म्हटलं आणि माझ्या तोंडून आधी नहीं निघालं. मला तुमची बाटली आठवली नाही, तो जळलेला तुकडा आठवला नाही, तो मागाहून आठवला आणि कारण म्हणून कामाला आला. मला रिपोर्ट परवा नको होता, बस्स. अजून आठ दिवस ती नुसती पाय सुजलेली, माझ्यावर चिडणारी पोरगी आहे, आणि मला ती तशीच हवी आहे. वाईट काही निघालं तर हे मधले दिवस तिच्या उपचारांतले होते, आणि ते मी माझ्यासाठी घेतले. हे मी ह्यांना सांगितलेलं नाही, तिला तर सांगूच शकत नाही. तुम्हाला सांगितलं, कारण हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही.