सहावा गडी ओझ्याचा

१० फेब्रुवारी

काणकोणहून कायमचा परत आलो. किनाऱ्यावरच्या शॅकच्या, म्हणजे झावळ्यांच्या हॉटेलाच्या, मालकाला माझे विचार पेलले नाहीत. त्याला फक्त ताटं वेळेवर हवी होती. असो. यंदा एकच संकल्प: हातात घेईन ते तडीस नेईन. पहाटे उठणे. रोज ही वही.

दुपारी शिवानंद येऊन गेला. हा रामनगरचा, गणेशगुडीच्या बाजूला एका रिसॉर्टात किचन सांभाळतो. त्याचा जुना लॅपटॉप आणि त्यातला जुना गेम मला दिला. गेम असा: सहा जणांची टोळी घेऊन राज्यभर हिंडायचं, राक्षस मारायचे, शेवटी काळ्या राजाला. टोळी दोन प्रकारे जमते. एक तर सहाही गडी आपण घडवायचे, ताकद-अक्कल-चपळाई हवी तशी वाटून. नाहीतर वाटेत तयार सोबती भेटतात ते घ्यायचे. त्यांची नावं, स्वभाव, रडगाणी गेमवाल्यानं आधीच लिहून ठेवलेली.

शिवानंद म्हणाला, तयारच घे, त्यांच्यातच मजा हाय. शिवानंदला स्वतःच्या हातचं सांबारही मजेदार वाटतं.

सहाही स्वतः घडवले. त्यात संध्याकाळ गेली. काळा राजा उद्या.

१२ फेब्रुवारी

उठायला उशीर. पहाटेचं सोमवारपासून.

तयार सोबती बघितले. हसू आलं. एक काणा तलवारवाला, तो प्रत्येक पुलावर थांबून जुन्या लढाईची गोष्ट सांगतो. एक वैदू, त्याचं बायकोशी पटत नाही. एक तिरंदाज बाई, तिचा भाऊ उत्तरेच्या गडावर अडकलाय, आधी तिकडे चला म्हणते. अगं बाई, मी राज्य वाचवायला निघालोय, तुमच्या घरच्या भानगडी निस्तरायला नाही.

माझे सहा बघा. सांगितलं तिथं उभे राहतात. रुसत नाहीत. सहावा गडी ओझ्याचा: ताकद सगळ्यात जास्त, अक्कल सगळ्यात कमी, लुटीचा माल वाहायला. त्याचं नाव ठेवलं लखू. आमच्या शिगम्याच्या, म्हणजे होळीच्या नाचाच्या, मेळात गोणी वाहतो तो माझा चुलतभाऊ लखू, त्याच्यावरून. ओझेवाल्याला बोलायला काही ठेवलेलं नाही. गरजच नसते.

१६ फेब्रुवारी

सोमवार. पहाटे उठणार होतो, पण बाबांनी त्याच्याही आधी उठवलं, त्यामुळे तो संकल्प मोडला असं म्हणता येत नाही.

बाबांच्या गुडघ्यानं हात टेकलेत. होळीआधी आमचा दिग्गी गावचा मेळ वाडी-वाडी, घर-घर नाचत हिंडतो. एवढं चालणं त्यांना जमणार नाही. मेळात कुणी काय करायचं ते घरावर ठरलेलं असतं. गाणं कान्हूकाकाच्या घरचं, झांज येसाजीच्या, ढोल आमच्या. येत्या पंचवीसला सकाळी सगळी वाद्यं मांडावर, म्हणजे देवळापुढच्या त्या मोकळ्या जागेत, ठेवतात आणि ज्याचं त्यानं उचलायचं. ज्या घरचं कुणी आलं नाही त्याचं वाद्य भावकीत दुसऱ्याच्या गळ्यात जातं, आणि गेलेलं परत मागायला जीभ रेटत नाही.

बाबा म्हणाले, "तू उचलणार का? न्हाई तर आत्ताच सांग. मी काठी घेऊन जाईन."

होय म्हणालो. होय म्हणायला काय लागतं?

 आईनं बाबांचा फेटा धुऊन वाळत घातला. दबाव आणायची पद्धत.

१७ फेब्रुवारी

मेळाचा नीट विचार केला. ही म्हणजे शुद्ध तयार सोबत्यांची टोळी. कान्हूकाका गातो, कारण त्याचा बाप गायचा. आवाज फुटक्या डब्याचा. येसाजीला दमा, आणि नाचतो तो. कुठल्या शहाण्यानं ही माणसं निवडली असती? आणि वर प्रत्येकाचं पुराण. ओढ्यावरच्या साकवावर पोचलं की कान्हूकाका थांबणार आणि गवा आडवा आला होता त्या वर्षीची गोष्ट सांगणार. दर वर्षी तीच. गवा दर वर्षी मोठा होतो.

१९ फेब्रुवारी

काल ढोलाचा सराव करायला निघालो होतो. दोरी सैल दिसली. चांगली दोरी कुंभारवाड्याला मिळते. बसला वेळ होता म्हणून टेम्पोत बसलो, टेम्पो रामनगरला चालला होता, तिथं व्हॉलीबॉलची मॅच. अंपायर अत्यंत भिकार होता, त्याला समजावण्यात बस गेली. रात्री तिथंच मुक्काम. आज परत. दोरी राहिली.

गेम: पाच राक्षस मारले. माझे सहा काही बोलले नाहीत. शिस्त. मीच दोनदा शाबास म्हणालो.

२० फेब्रुवारी

शिवानंद म्हणतो, पंचवीसलाच रिसॉर्टात बेंगळुरूचे पाहुणे येतायत, त्यांना काहीतरी गावाकडचं नाचगाणं हवंय. मी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. स्वतःचा मेळ. स्वतः निवडलेला. घर नाही, भावकी नाही, फक्त गुण. गाण्याला प्रवीण (कॉलेजात बक्षीस). नाचाला येसाजीचा पोरगा (दमा नाही). सामानाला लखू. ढोल, अर्थात, मी.

मग मांडावरच्या ढोलाचं काय, असं शिवानंदनं विचारलं. सोपं आहे: सकाळी ढोल उचलायचा, मान राखायचा, आणि तसाच तिठ्यावर येऊन माझ्या मेळासोबत रिसॉर्टात. शिवानंद म्हणाला, "बाबा, मला ह्यात घालू नको. मी सांबार करतो."

आजच सगळ्यांना भेटलो. प्रवीण म्हणाला, बघूया. येसाजीचा पोरगा म्हणाला, बघूया की. लखू नुसता हसला. शंभर टक्के होकार.

२१ फेब्रुवारी, दुपार

गेममध्ये तिरंदाज बाई पुन्हा भेटली. अभ्यास म्हणून घेतली. शत्रूची पद्धत आतून कळली पाहिजे. जागा करायला माझा एक तिरंदाज काढला. गेला बिचारा, काही न बोलता.

बाई फार बोलते. पाऊस आला तर पावसाबद्दल. भावाबद्दल तर विचारूच नका, लहानपणी दोघं झाडावरून पडले ते सगळं. आई जेवायला हाक मारत होती, पण बाईचं वाक्य अर्धं होतं.

गडावर नेतो म्हणून तिला सांगितलं. होय म्हणायला काय लागतं?

२३ फेब्रुवारी

आज नुसता सराव ठरवला होता. पण मेळाला एकसारखे फेटे हवेत. जोयड्याला गेलो. जांभळा रंग मिळाला, तोही लग्नाच्या मांडवाच्या कापडाचा. उठून दिसेल.

वाटेत कान्हूकाका. त्याला माझ्या मेळाची बातमी लागली होती. रागावेल वाटलं होतं, तर तंबाखू मळत बसला. मग म्हणाला, "पज्या, तुझा बाप एका वर्षी तापात ढोल वाजवत होता. ठेका चुकला. आम्ही बी त्याच्यासंगं चुकलो."

मी विचारलं, का? बरोबर वाजवता येत नव्हतं?

"येत व्हतं की. पण मग तो एकटाच चुकला असता."

घ्या. अख्खी टोळी ठरवून चुकते. आणि ह्यांना मी माझा ढोल देऊ?

२४ फेब्रुवारी, संध्याकाळ

बाई गेली.

गडाकडेच चाललो होतो. पण वाटेत एका म्हातारीच्या शेळ्या हरवलेल्या, त्या शोधल्या. मग जत्रेत कुस्ती. मग दुर्मिळ अळंबी गोळा केली, तिचा काढ्याला काहीच उपयोग झाला नाही. पुढच्या पुलावर बाई थांबली. भाऊ मेल्याचा निरोप आलाय म्हणाली. "तू प्रत्येक वेळी हो म्हणालास," एवढंच. आणि चालू लागली. परत बोलवायचं बटण शोधलं. नाही.

बाकीच्या पाचांकडे बघितलं. उभे होते. लखूच्या पाठीवर अळंब्यांचं पोतं.

गेममध्ये दोष आहे. शिवानंदला सांगायला पाहिजे.

ढोलाचा सराव जेवणानंतर. नाहीतर नकोच, आमच्या रक्तातच आहे.

२५ फेब्रुवारी, सकाळ

वेळेवर उठलो. नोंद असावी. बाबांनी इस्त्री केलेला सदरा ओट्यावर ठेवलेला.

मांडावर जायच्या आधी फक्त तिठ्यावर डोकावून आलो, माझा मेळ जमला की नाही बघायला. कुणी नव्हतं. पुढारी आधी पोचलेला बरा म्हणून थांबलो. फेटे बांधून बघितले. जांभळा मला बरा दिसतो. प्रवीणला फोन लावायला टेकडीवर रेंज शोधत गेलो. तिथून एक धनेश पक्षी दिसला, मग त्याची जोडीदारीण.

आणि खालून झांजेचा आवाज आला.

२५ फेब्रुवारी, दुपार

धावत गेलो. मांडावर सगळे होते. प्रवीण कान्हूकाकाच्या मागे कोरसला, तिथंच त्याच्या घरची जागा आहे म्हणे. येसाजीचा पोरगा बापाला धरून नाचत होता. कुणी म्हणालंही नाही की तुला बघूया म्हणालो होतो.

ढोल लखूच्या गळ्यात होता.

थांबले होते माझ्यासाठी, हे नंतर आईकडून कळलं. बाबा काठी टेकत तिथवर आले, ढोलाजवळ उभे राहिले, वाकायचा प्रयत्न केला. गुडघा वाकेना. मग त्यांनीच लखूला खुणेनं बोलावलं.

लखू वाईट वाजवतो. सांगून ठेवतो. मी पोचलो तेव्हा त्याचा ठेका साफ चुकला. कान्हूकाका चुकला. झांज चुकली. मग सगळे हसले आणि पुन्हा धरलं. पारावर बाबा मांडीवर थाप मारत होते, त्यांचीसुद्धा चुकली. मुद्दाम.

मी डोक्यावर जांभळा फेटा घेऊन उभा. मेळाच्या पायाशी गोणी पडलेली, रिकामी. तांदूळ, नारळ, जे घराघरांतून मिळेल ते घ्यायची.

कान्हूकाका गाता गाता थांबला. "आलास? गोणी धर."

पुढच्या वर्षी ढोल परत आमच्याकडे का, असं लखूला विचारायचं होतं. जीभ रेटली नाही.

२६ फेब्रुवारी

आठ वाड्या झाल्या. लोक यंदा तांदूळ फार घालतात. नारळही.

ओढ्यावरच्या साकवावर मेळ थांबला. कान्हूकाकानं गव्याची गोष्ट काढली. गवा यंदा जीपएवढा. सगळे हसले. त्यात गव्यापुढे उभा राहून ढोल बडवणारा माणूस बाबा होते, हे मी दर वर्षी विसरतो. की कधी शेवटपर्यंत ऐकलंच नव्हतं.

मलाही एक गोष्ट सांगायची होती, शॅकवरची. पण गोणीचा खांदा बदलायचा होता, आणि लखूनं ढोलाला हात घातला.

काही बोललो नाही. गोणी उचलली.