मुराळ्याची मोटार

मुक्काम आष्टी, शिवकन्येच्या सासरची ओसरी
श्रावण वद्य, १९७४

तीर्थरूप कडूबामामा यांच्या पायावर भाचा आबाराव याचं डोकं.

इकडं सगळं क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, ते खरं धरू नये. तुमचा गुडघा कसा आहे, मामीचा खोकला हटला का, जालन्याला नळाला पाणी येतं का, हे सगळं मनापासून विचारून राह्यलो. पण खरं सांगतो मामा, उत्तर वाचायच्या अवस्थेत मी न्हाई. मी पार खचलो. ही मोटार तुम्हीच त्या रिटायर झालेल्या डॉक्टरच्या दारातून पाहून दिली, म्हणून थोडा दोष तुमच्याकडंही येतो. पण वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर दोष द्यायची आपल्यात पद्धत न्हाई, म्हणून कंसात लिहितो. (दोष सगळा तुमचाच आहे.)

मोटार का घेतली ते तुम्हाला माहीत आहे, पण माझ्या मनाची आग निघावी म्हणून पुन्हा लिहितो. शिवकन्येला माहेरी आणायला लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला पोरीचा बाप म्हणून आण्णा स्वतः मुराळी होऊन पायी आल्ते. तेव्हा व्याही लिंबाजीराव म्हणाले, खुरपणी चालू आहे, सून कशी धाडू? दुसऱ्या पंचमीला मी एस.टी.नं आल्तो. तेव्हा म्हणाले, सून काय गाठोडं आहे का गर्दीत कोंबून न्यायला, काही साधन आणा अन् खुशाल घेऊन जा. हे त्यांनी चार माणसांत म्हणलं. मला ते लागलं. मी हायस्कुलातला मास्तर, माझ्याही काही इभ्रतीचा प्रश्न आहे! मंग आण्णांनी उरलीसुरली मेंढरं विकली, थोडी भर मी घातली, अन् तीर्थपुरीत आपल्या दारात मोटार आली. (मेंढरं निदान आपल्या पायानं घरी येत होती, असं आण्णा तेव्हापासून रोज म्हणतात.) खरी घाई आईची. तिचे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं पिकत आले. भादव्यात डोळ्याचे मोठे डॉक्टर जालन्याला येणार म्हणून तुम्ही तिचं नावही घालून ठेवलं. पण तुमची बहीण काय म्हणते ते तुम्हाला ठाऊक आहे. पोरीचं तोंड दिसतंय तोवर पाहू द्या, मंग खुशाल पट्टी बांधा, पट्टीतच माझं काही बरंवाईट झालं तर मी कोणाचं तोंड डोळ्यांत घेऊन जाऊ? आता या बाईला काय समजावावं? मी रोज शिकवतो त्या मुलांनाच समजत न्हाई, ती तर आई आहे.

तर पंचमीच्या आदल्या दिवशी निघालो. निघताना आण्णांनी बिरोबाचं नाव घेऊन मोटारीवर भंडारा उधळला. उधळला म्हणजे कसा, तर मेंढरं विकल्याचं सगळं दुःख त्या मुठीत होतं. समोरची काच पिवळीधम्मक झाली. वाटेत पाऊस लागला. काच पुसायचा दांडा फक्त डाव्या बाजूचा चालतो, म्हणजे ज्या जागेवर कोणी बसलेलं नव्हतं तिथून रस्ता झकास दिसत होता. माझ्यापुढं मात्र पिठल्यासारखा थर बसला. कुंभार पिंपळगावापर्यंत मी खिडकीतून मुंडकं बाहेर काढून गाडी हाकली. डावीकडं वळलं की हॉर्न आपोआप वाजतो अन् आपण दाबला तर वाजत न्हाई. पेट्रोलचा काटा कायम भरलेला दाखवतो, त्यामुळं मनाला समाधान असतं पण खात्री नसते. मागचं दार आण्णांनी लोकरीच्या दोरीनं बांधून दिलंय, तेवढीच एक वस्तू या मोटारीत भरवशाची आहे. अन् पाणी किती पिती म्हणून सांगू! दर ओढ्यापाशी थांबून, झाकण काढून, वाफेपासून तोंड वाचवून तिला पाजावं लागतं. तरी मामा, आष्टीच्या बाजारातून चाललो तेव्हा माणसं बाजूला सरत होती अन् माझी छाती दोन बोटं वर आली होती, हे कबूल करतो. बरोबर लिंबाजीरावांच्या दारापुढं गाडी आली, दोन उचक्या दिल्या अन् गप्प झाली. बघणाऱ्यांना वाटलं मास्तरनं काय ऐटीत थांबवली! मलाही क्षणभर तसंच वाटलं.

ती जी गप्प झाली ती आजपर्यंत गप्पच आहे. पंचमी गेली, राखीपुनव गेली. बटन दाबलं तर आतून नुसती कण्हल्यासारखी करती. हँडल मारायला गेलो तर हँडलनंच मला मारलं, उजवा हात अजून सुजलेला आहे (अक्षर त्यामुळं असं आलंय, माझ्या विद्यार्थ्यांना हे पत्र दाखवू नये). मंग धक्का. आता रोज सकाळी इथल्या गल्लीचा हाच कार्यक्रम असतो. सगळी गल्ली जमती, मोटार उतारानं आडापर्यंत ढकलत नेती, तिथं ती थांबती, अन् लिंबाजीरावांच्या हुकमानं तीच माणसं तिला चढानं परत त्यांच्या दारात आणून लावतात. आमचे जावईबापू भानुदासराव सगळ्यांत मागं असतात. ते ढकलतात का धरून ठेवतात हे मला अजून कळलं न्हाई. बायकोवर जीव आहे त्यांचा, मी काय बोलू!

अन् सल्ले! मामा, या गावात मोटार कोणाकडंच न्हाई, पण मोटारीतलं कळत न्हाई असा एकही माणूस न्हाई. पिठाच्या गिरणीवाला म्हणतो पट्टा घसरला. दवाखान्यातला कंपाउंडर म्हणतो हिला अशक्तपणा आहे. एक रिटायर कंडक्टर रोज येतो, टपावर दोन थापा मारतो, जाऊ द्या म्हणतो अन् गाडी जात न्हाई म्हणून माझ्यावर चिडतो. सगळ्यांचं एका गोष्टीवर मात्र बिलकुल एकमत आहे की कचरा आला असंल. कुठं आला, कसा आला, काढायचा कोणी, ते विचारायचं न्हाई. अन् ज्याला काहीच सुचत न्हाई तो विचारतो, मास्तर, ॲव्हरेज किती देती? अरे बाबा, ती दारात उभी आहे! उभ्या गाडीचं ॲव्हरेज कसं काढतात हे कोणत्या पुस्तकात दिलंय? परवा मी वैतागून सांगितलं, की दिवसाला दोन चहा अन् एक अंडं देती. त्यात खोटं काही न्हाई. मागच्या सीटवर शेजारच्या सगुणाबाईची कोंबडी रोज अंडं घालून राह्यली, अन् ते अंडं कोंबडीवालीचं का मोटारवाल्याचं, यावरून सगुणाबाई अन् आमच्या विहीणबाई बायनाबाई यांची तोंडं दोन दिवस बंद आहेत.

चहाचं असं, की लिंबाजीराव आता दोन्ही वेळचा चहा मोटारीत बसून घेतात. मागं रेलून, काच खाली करून, फेटा बांधून. येणाऱ्याजाणाऱ्याला राम राम खिडकीतून. पहिल्या दिवशी ते ही आमच्या पाव्हण्याची मोटार असं सांगत होते. चौथ्या दिवशी त्यातला पाव्हणा गळाला. आता नुसती आमची मोटार म्हणतात अन् मी मोटारीबरोबर आलेला माणूस झालोय. धाकट्या पोराचं, नामदेवचं, लग्न जमवायचं चाललंय. त्यामुळं दारातली मोटार त्यांना चांगलीच मानवली आहे. मी काकुळतीला येऊन म्हणलं, व्याहीबुवा, मोटार राहू द्या, मी शिवकन्येला एस.टी.नं नेतो. तर कानाला हात लावून म्हणतात, दारात मोटार असताना सून बसनं धाडली तर आष्टीत मला तोंड दाखवायला जागा राहील का? बघा मामा! गेल्या साली मोटार न्हाई म्हणून सून दिली न्हाई, अन् औंदा मोटार आहे म्हणून देत न्हाईत. मी मास्तर आहे, पण हे गणित मला सुटत न्हाई.

शिवकन्येकडं बघवत न्हाई. पंचमीपासून तिचं बोचकं बांधलेलं आहे. रोज सकाळी नवं लुगडं नेसती, सासूच्या पाया पडती, पुढच्या सीटवर येऊन बसती. धक्का होतो, मोटार आडापर्यंत जाऊन परत दारात येती, अन् ही खाली उतरून जुनं लुगडं नेसून भाकरी थापायला बसती. रोज निघती अन् रोज चुलीपाशी पोचती. काल मला हळूच म्हणाली, दादा, आईला दिसतंय ना रे अजून? मी हो म्हणालो अन् उगंच जाऊन बॉनेट उघडून त्यात तोंड घालून उभा राह्यलो. रडू आलं मामा. कंडक्टर मागून म्हणाला, कचरा दिसला का?

तर आता पाया पडून एकच मागणं. तुमच्याकडच्या करीममिस्त्रीला जल्दी आष्टीला धाडा. प्लग, पॉइंट, बॅटरी, जे काय लागतं ते घेऊन धाडा, खर्चा मी देतो. परवा परतूरच्या एस.टी.च्या ड्रायव्हरबरोबर तुम्हाला तोंडी निरोप दिला होता, तो पोचला का न्हाई याचा भरवसा न्हाई म्हणून हे पत्र. मिस्त्री आला न्हाई तर मी इथंच ओसरीवर म्हातारा होईन. एकदा मोटार सुरू होऊन शिवकन्या घरी पोचली, की ही मोटार तुम्ही घेऊन जा, विका, जाळा, त्या डॉक्टरला परत द्या, माझं काही म्हणणं न्हाई. मामीला नमस्कार सांगावा. तुमचा दमलेला, सुजलेला, पुरणपोळ्या खाऊन कंटाळलेला भाचा,

आबाराव

ता. क. पत्र पेटीत टाकायला निघालो होतो, तेवढ्यात मंठ्याकडचे पाव्हणे नामदेवला बघायला आले. त्यांनी पोराकडं एकदा पाह्यलं अन् मोटारीकडं चारदा. पोरीच्या बापानं ॲव्हरेज विचारलं. लिंबाजीरावांनी काय आकडा ठोकला देव जाणे, पण जमलं! साखरपुडा भादव्याच्या अखेरीला, अन् तोवर मोटार दारातून हलता कामा न्हाई असं लिंबाजीराव म्हणाले. मी कपाळाला हात लावला. अन् मामा, जी आजवर सासऱ्यापुढं चकार शब्द बोलली न्हाई ती आपली शिवकन्या डोक्यावर पदर घेऊन दारात आली अन् म्हणाली, मामंजी, मोटार तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या, मी दादासंगं बसनं जाते. मोटार न्यायला दादाला यावंच लागंल, तवा मलाबी आणून सोडंल. लिंबाजीरावांनी फेटा काढून पुन्हा बांधला. मंग म्हणाले, लोकांना सांगू, मोटारीचं काम निघालंय. भानुदासरावांनी स्वतः बोचकं स्टँडवर आणून दिलं, तोंड पाडून. तेव्हा वरचं सगळं लिहिलेलं रद्द समजावं. मिस्त्रीला धाडू नका.

आणखी ता. क. हे तीर्थपुरीहून लिहितो, गडबडीत पत्र खिशातच राह्यलं होतं. आईनं शिवकन्येला उंबऱ्यातच धरलं, उजेडाकडं तोंड करून उभं केलं, एकदम जवळ जाऊन पाह्यलं, गालावरून हात फिरवला अन् म्हणाली, वाळलीस गं. सकाळी स्वतःच म्हणाली, चला आता जालन्याला, बांधा काय पट्टी बांधायची ती. तर आई, शिवकन्या अन् मी, आम्ही तिघं डॉक्टर यायच्या बेतानं तुमच्याकडं येतो, मामीला सांगून ठेवा. पट्टी सुटायला बरेच दिवस लागतात म्हणतात, अन् साखरपुडा उरकून मोटार सुरू दिसली, की लिंबाजीराव दुसऱ्या दिवशी मोटार न्या अन् सून आणा म्हणतील. म्हणून खरं मागणं हे, की माझा तो तोंडी निरोप पोचून करीममिस्त्री आष्टीला गेलाच असंल, तर त्याच्या मागं माणूस धाडा. त्यानं कार्बोरेटर काढून दुरुस्तीच्या नावाखाली जालन्याला आणावा, अन् तो तुम्ही मामीच्या ट्रंकेत कुलूप लावून ठेवावा. आईची पट्टी सुटून तिला शिवकन्या पोटभर दिसल्याशिवाय ती मोटार सुरू झाली, तर मामा, तुमची माझ्याशी गाठ आहे.