फाटकाआतली येळवस

।। श्री बसवेश्वर प्रसन्न ।।
मुरुम रस्त्याचा मळा, २ जानेवारी २०२५

श्री. उमाशंकर भावजींना वहिनी नागम्माचा शरणार्थ.

तुम्ही फोन उचलत न्हाय, म्हणून कागद. पुण्याला सुखरूप पोचला असाल. इथं कुणी सुखात न्हाय.

येळवशीच्या आवसेला मी वाढता वाढता पंगत सोडून गेले, त्याचा तुम्हाला राग. आता माझा ऐका. तुमच्या ‘मळ्याची चव’ केंद्राला दोन बसभर पाव्हणे आणले. त्यांच्यासाठी मी पहाटेपासून भज्जी रांधली, उंडे केले, आंबील केली. रांधायचा मला कधी कंटाळा आला न्हाय. पण शेजारचा बब्रुवान त्याच्या म्हाताऱ्या आईला, विठामावशीला, हाताला धरून घेऊन आला, तर तुमच्या राखणदारानं, शंभूनं, फाटकावरच अडवलं. मनगटाला पैसे भरल्याची तुमची रंगीत पट्टी न्हाय म्हणे. आंबिलीनं भरलेलं मातीचं बिंदगं बब्रुवानच्या डोक्यावर. मावशी म्हणाली, मी जेवायला न्हाय, वाढायला आलेय. तरी न्हायच.

या सणाला रस्त्यानं जाणारा अनोळखीसुद्धा हात धरून कडब्याच्या कोपीत जेवायला आणायचा असतो. हे तुम्हाला मी शिकवायचं? मला कळलं तसं भज्जीचं पातेलं उचललं आन् बब्रुवानच्या शेतात गेले. पाव्हणे बिचारे ताटापुढं बसून राहिले, त्यांचं वाईट वाटलं. तुमचं वाटलं न्हाय.

लोभ उरला असेल तर मावशीच्या पाया पडायला या. नसेल तर तेही कळवा.

नागम्मा

*

पुणे, ९ जानेवारी २०२५

वहिनींना उमाशंकरचा सा. न.

लहानपणी तुम्ही मला भरवलंत, म्हणून आजवर उलट शब्द काढला नाही. आज काढतो. भरल्या पंगतीत तुम्ही माझं नाक कापलंत. एक बाई विचारत होत्या, आता नुसती भाकरी खायची का? मी हात जोडून उभा.

हुरड्याचं, जेवणाचं केंद्र काढतो म्हटलं तेव्हा गावातून कोण पुढं आलं? हाच बब्रुवान पारावर बसून म्हणाला होता, पुण्याची माणसं कणसं बघायला येणार व्हय, याला वेड लागलंय. सगळा पार हसला. आता माणसं येऊ लागली तर सगळ्यांना हक्कानं आत यायचंय. पाहुण्यांना निवांत, नीटनेटकी जागा लागते. गाव बसवलं तर ते कुठं बसणार?

सोलापूरहून आचारी आणलाय. तुमच्यावाचून काही अडत नाही. राग पोचवायचा होता, तो पोचला असेल.

उमाशंकर

*

मळा, २० फेब्रुवारी २०२५

भावजींना शरणार्थ.

अडत न्हाय, तर रस्त्यावरच्या फलकावर माझं थोबाड कशाला? पाव्हणे विचारतात, या काकू कुठायत? तुमचा आचारी सांगतो, माहेरी गेल्यात. मी बांधापलीकडं जिवंत उभी आन् तुम्ही मला माहेरी धाडलं! फोटो उतरवा, न्हायतर मी येऊन फाडीन.

तुमच्या दादांच्या माघारी त्यांच्या वाटणीचा तुकडा मीच कसते. तिथं बब्रुवानची बायको राजेश्वरी आन् मी चूल मांडलीय. मुरुमच्या बाजाराला जाणारे-येणारे थांबतात. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, असंल ती भाजी. फाटक न्हाय. पुढची येळवस माझी तिथंच.

लोभाचं काय लिहू?

नागम्मा

*

मळा, २१ डिसेंबर २०२५

भावजींना शरणार्थ.

परवाची येळवस तुम्ही डोळ्यानं पाहिली. तुमचे पाव्हणे खुर्च्यांवर, आमची माणसं कोपीत. आम्ही पिकावर आंबील शिंपडत ओलगे-ओलगे असा गजर केला, तसे तुमचे पाव्हणे आधी फोटो काढायला आले, मग एकेक करून बांध ओलांडून पंगतीत बसले. शंभूसुद्धा फाटक सोडून आला. वर्षभराचा राग होता, तरी त्याला पोटभर वाढलं.

तुम्ही रिकाम्या टेबलांपाशी एकटे उभे. मी हाक मारणार नव्हते, खरं सांगते. विठामावशी उठली. बब्रुवान आडवा गेला, तरी त्याचा हात झिडकारून बांधावर गेली आन् उमा, जेवून जा रं, अशी तुम्हाला हाक मारली. दोनदा मारली. तुम्ही पाठ फिरवली.

दिवस मावळेस्तोवर म्हातारीनं घास घेतला न्हाय. आपल्या शिवारात पाव्हणा उपाशी, आपण कसं जेवायचं म्हणे. तिच्या लेखी तुम्ही पाव्हणे तरी आहात. माझ्या लेखी आता कुणी न्हाय.

नागम्मा

*

मळा, २८ डिसेंबर २०२५

वहिनींना सा. न.

मावशी उपाशी राहिली हे मला ठाऊक नव्हतं. तुमचं पत्र पुण्याला मिळालं, तसा निघालो आणि काल थेट तिच्या घरी गेलो. बब्रुवान दारातच उभा राहिला. बस म्हणाला नाही, वाटही दिली नाही. मावशीनं आतून राजेश्वरीला ताट वाढायला सांगितलं, तेव्हा तो बाजूला झाला. गार भाकरी आणि पिठलं होतं. मी पाया पडायला वाकलो, तर आधी जेव म्हणाली. मी जेवताना ती समोर बसून राहिली. माझं ताट रिकामं झाल्यावर तिनं स्वतःला वाढून घेतलं.

यावरून मी नमलो असं समजू नका. केंद्र चालेल, आचारीही राहील. भरल्या पंगतीतून उठून गेलात, ते मी विसरणार नाही. तुमचा फोटो आज उतरवला.

पुढच्या येळवशीला तुमच्या कोपीत येईन. जेवायला येईन, बोलायला नाही.

उमाशंकर