रबराच्या निम्मा कार्बन

भाऊ, स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या पायाखालचा तो रबरी बुश मी काल काढला. आई ओरडली, "आगं, टेबल हालंल ना!" तिथे लाकडाचा तुकडा सारला आणि बुश डब्याच्या पिशवीत टाकून कामावर नेला.

तुम्ही देवाघरी गेल्यावर तुमची ही लेक तळेगावच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत लागली. कृत्रिम रबराचा कणभर तुकडा मशीनमधल्या नाजूक काट्यावर ठेवून तापवत न्यायचा आणि वजन कसं उतरतं ते बघायचं. आधी तेल उडतं, मग रबर जातं. नंतर आत हवा सोडली की कार्बन, म्हणजे रबराला बळकटी देणारी काळी पूड, जळतो, तळाशी चिमूटभर राख उरते. कशाचं प्रमाण किती, ते असं कळतं. टीजीए म्हणतो आम्ही याला.

तुमच्या कंपनीत हे मशीन नव्हतं. गाड्यांच्या सांध्यांत बसवायचे बुश फाटून परत आले तेव्हा साहेबांनी मिक्सिंगवरच्या तुम्हालाच धरलं, कार्बन कमी घातला म्हणून. तिथून काढून तुम्हाला गोण्या उचलायला लावलं. त्या संध्याकाळी तुम्ही अंघोळ न करताच ताटावर बसलात. हात कोपरापर्यंत काळे. "रबराच्या निम्मा कार्बन. म्या सोता जोखून घातला." मी म्हणते, "मग साहेबांना सांगा ना." "सांगितलं की. ऐकतंय कोन?" त्याच मालातला एक बुश खिशातून काढून तुम्ही टेबलाखाली सारलात. पुढे कुणी पाहुणा आला की त्याला वाकायला लावायचात, "बघा, हाय का कुटं फाटल्याला?" पाहुणे हसायचे. मला लाज वाटायची.

काल आमच्या मॅडमनी विचारलं, "हे कुठलं सॅम्पल?"

"घरचं. वडिलांनी मिक्स केलेलं."

त्यांनी बुश उलटसुलट करून पाहिला. "लाव. जेवणाच्या सुट्टीत."

डबा तसाच राहिला. पडद्यावरची रेघ उतरत गेली. तेल थोडं कमी भरलं, इतक्या वर्षांत ते सुटणारच. मग रबर गेलं, कार्बन जळाला. मी हिशेब केला, मग मॅडमनी केला. "निम्मा आहे गं," त्या म्हणाल्या.

मग बुश फाटले कशाने? रबर साच्यात दाबून भाजणारा प्रेस नीट तापला नसेल कदाचित. ते या मशीनवर कळत नाही, आणि विचारायला ती कंपनीही आता उरली नाही.

आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती, हात थांबला नाही. "मला ठाव व्हतं," एवढंच म्हणाली.

मला नव्हतं ठाऊक, भाऊ. काल सकाळी घरून, वराळ्याहून निघतानाच मी ठरवलं होतं, कार्बन कमी निघाला तर कुणालाच सांगायचं नाही. तुम्हालाही.