कॉलरवरची अक्षरं

प्रिय सूनबाई,

सगळ्यात आधी आली ती शेजारची शिंपीणकाकू, तोंडात टाचण्या तशाच धरून. म्हणाली, "आजी, केस सारखे करा, जिन्यात शाळा येतेय." मी म्हटलं, शाळा कशी येईल जिन्यात, डोकं ठिकाणावर आहे ना? तर खरंच आली गं. पुढे शाळेच्या मोठ्या बाई, तीन मजल्यांत सहा वेळा थांबून, आणि मागे आपल्या टकळीच्या वर्गबाई, फाइल छातीशी धरून, जणू तीच कुणी पळवणार आहे. खुर्चीवर धुतलेल्या मोज्यांचा ढीग होता. एरवी मी चटकन उचलला असता. काल नाही उचलला. मोठ्या बाई मोज्यांवरच टेकल्या. शिंपीणकाकू काही घरी जायचं नाव घेईना, दाराशी उभी राहून एकच बटण शिवत राहिली. असो, ती होती ते बरंच झालं, नाहीतर तुला वाटलं असतं म्हातारी तिखटमीठ लावून सांगते आहे.

फोनवर हे सगळं सांगितलं नाही, कारण फोन वाजला की टकळी, तुझी लेक, माझ्या कुशीत शिरून कान लावते, आणि तिच्यासमोर मला मोकळेपणानं रागावता येत नाही. म्हणून हा कागद. अक्षर वाकडं आहे, तिसरी नापास बाईचं आहे, सांभाळून घे.

तर झालं असं. महिन्यापूर्वी टकळीच्या वर्गबाई आजारी पडल्या आणि चार दिवस दुसऱ्याच बाई आल्या. त्यांनी पोरांचं रोजचं पुस्तक बाजूला ठेवलं आणि आपल्या पिशवीतलं एक नवं पुस्तक काढून एकेकाला वाचायला दिलं. आपली टकळी उठली, ऐटीत उभी राहिली, नवं पुस्तक उघडलं आणि खणखणीत आवाजात जुन्या पुस्तकातला कासवाचा धडा म्हणाली. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, मध्ये थांबायचं तिथे थांबून, पान उलटायचं तिथे उलटून. पुढ्यात चित्र होतं आगगाडीचं. वर्ग हसून लोटपोट. पोरगी घरी आली ती दप्तर कॉटखाली ढकलून म्हणाली, मला आता शाळा नाही. आठ वर्षांची पोर, तोंडाला क्षणाची उसंत नसते म्हणून आपण टकळी म्हणतो, ती दोन दिवस गप्प. घर खायला उठलं होतं.

आता यात नवल काय ते मला सांग. त्या वर्गात शिकवतात कसे माहीत आहे तुला? बाई पुढे एक ओळ म्हणतात, चाळीस पोरं मागून सूर लावून म्हणतात. बोट शब्दावर आहे का नाकात, कोण बघतं? सूर लागला की वाचन आलं. शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहून देतात, तेही पाठ. मी तिला विचारलं, "वनराई म्हणजे काय गं?" तर फाडकन म्हणाली, "झाडी." म्हटलं, "आणि झाडी म्हणजे?" तर म्हणते, "ते परीक्षेत नाही, आजी." आणि अशा पोपटपंचीला गेली दोन वर्षं पैकीच्या पैकी गुण देत आले हे लोक! ज्या दिवशी पितळ उघडं पडलं त्या दिवशी दोष कुणाचा, तर पोरीचा. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

मग मीच शिकवायला बसले. हसू नकोस. मला शाळेत वाचता आलं नाही, पण लाँड्रीत आलं. चाळीस वर्षं मी कपड्यांवर खुणा घातल्या आहेत. प्रत्येक घराची खूण ठरलेली, कॉलरच्या आत न पुसणाऱ्या शाईनं एखाददोन अक्षरं. डॉक्टरच्या घरची 'टो', वकिलाची 'टी', आणि त्या दोघांचे सदरे एकदा अदलाबदल झाले तेव्हा वेलांटी आणि काना-मात्रा यांतला फरक मला जन्माचा समजला. ढिगातून कुठला सदरा हाताला येईल याचा नेम नसतो, त्यामुळे तिथे सूर लावून भागत नाही. जे लिहिलंय तेच वाचावं लागतं. दुकानातल्या जुन्या चिंध्या घरी आणल्या, त्यांवर खुणा घातल्या आणि टकळीला म्हटलं, चल, घरोघरचे गठ्ठे लाव. पहिले चार दिवस तिनं काय गोंधळ घातला! 'खा'च्या गठ्ठ्यात 'रवा'. तिची ती चलाखी तर विचारू नकोस, अक्षर बघायचं सोडून माझ्या तोंडाकडे बघायची, मी कुठे हसते ते. मग मी तिच्याकडे पाठ फिरवून बसायला लागले. आठव्या दिवशी तिनं 'टो' आणि 'पी' अशा दोन चिंध्या आपणहून शेजारी ठेवल्या आणि ओरडली, "आजी, टोपी!" घरात टोपी नव्हती, चित्र नव्हतं, कुणी आधी म्हटलं नव्हतं. नुसत्या दोन चिंध्या. मी तिला उचलून घेतलं आणि कमरेत अशी उसण भरली की दोन दिवस लाँड्रीत वाकून चालले. पण काय आनंद झाला गं! आता रस्त्यानं चालायची सोय नाही. औषधाचं दुकान, बसची पाटी, दारांवरची नावं, सगळ्यांपुढे थांबायचं. शब्द फोडते, जोडते, आणि अर्थ विचारून डोकं खाते. परवा 'खबरदार'चा अर्थ सांगितला तर दिवसभर मलाच खबरदार म्हणत होती.

हे शाळेला सांगायला मी आपणहून गेले होते, पंधरा दिवसांपूर्वी. वर्गबाई घाईत होत्या. म्हणाल्या, "आजी, चिंध्यांनी वाचन येत नसतं." मी परत आले. आणि काल या आल्या घरी.

मोठ्या बाईंची ताकाला जाऊन भांडं लपवायची रीत. आधी माझ्या तब्येतीची चौकशी, मग खिडकीतला वारा किती छान. शेवटी फाइलमधून कागद निघाला. टकळीला गावाबाहेरच्या त्या वेगळ्या शाळेत पाठवायचं म्हणतात, जिथे न बोलणारी, न चालणारी लेकरं असतात. त्या लेकरांची ती शाळा, त्यांचं तिथे भलं होवो. पण आपल्या पोरीचं तिथे काय काम? का, तर पुढच्या महिन्यात वरून तपासणी आहे आणि न वाचणारी पोरं पटावर नकोत. हे त्या बोलल्या नाहीत, वर्गबाईंच्या तोंडून निसटलं. मोठ्या बाईंनी असं बघितलं त्यांच्याकडे की दुधाचं दही व्हावं. मी म्हटलं, "पोरगी वाचते." त्या म्हणाल्या, "आजी, तुमचं प्रेम आम्ही समजू शकतो." असा राग आला सांगू! प्रेम म्हणे. मी काय पोरीला गोरीगोमटी म्हणत होते?

एवढ्यात टकळी माझ्या खांद्यामागून वाकली. कागद इस्त्रीच्या टेबलावर होता. कारण म्हणून जो रकाना होता त्यावर तिनं बोट ठेवलं आणि सावकाश, एकेक अक्षर उचलत वाचलं, "म… वर टिंब… मं… द. मंद." मग मान वर करून सरळ मोठ्या बाईंना विचारलं, "बाई, मंद म्हणजे काय?"

सूनबाई, खोलीत सुई पडली असती तरी ऐकू आली असती, आणि ती पडलीच, शिंपीणकाकूच्या हातातून. मोठ्या बाई म्हणाल्या, तो नुसता कचेरीतला शब्द आहे, त्याकडे लक्ष द्यायचं नाही. मी म्हटलं, "असं कसं? पोरीनं शब्द वाचलाय, अर्थ विचारलाय. शिकवायचं काम तुमचं. सांगा अर्थ." त्या फाइलीचे कोपरे सारखे करत बसल्या. वर्गबाई जमिनीकडे बघत राहिल्या, आणि त्यांच्या नाकाचा शेंडा लाल झाला. वाईट नाही बिचारी, चाळीस पोरं आणि एक घसा, पण माझा राग काही तेवढ्यानं उतरला नाही. मी म्हटलं, "दोन वर्षं पैकीच्या पैकी तुम्हीच दिलेत. तेव्हा कोण होतं मंद?"

एवढं सगळं रंगवून सांगितलं, पण एक गोष्ट गिळून बसले आहे, तीही आता सांगते, कारण खरं तर तिच्यासाठीच हा कागद लिहायला घेतला. घरी रोज धडा मोठ्यांना वाचून दाखवायचा आणि वहीत सही घ्यायची, असा शाळेचा नियम. तुम्ही दोघं नोकरीसाठी परगावी गेलात तेव्हापासून, वर्षभर सही माझी आहे. पोरगी म्हणायची, आजी, तू एकदा वाच, आणि मी अडखळत वाचलं की ती ऐकून घ्यायची आणि मग घडाघडा म्हणायची. एकदा तिनं दोन पानं एकदम उलटली आणि मध्ये न अडखळता पुढे गेली. मला कळलं, सूनबाई. मला नाही कळणार तर कुणाला? मीही अशीच म्हणायचे, आणि पकडले गेले तेव्हा वडिलांनी शाळा सोडवून लाँड्रीत नेऊन उभं केलं. तरी मी सही केली. तुला कळवलं तर म्हणशील, अडाणी सासूच्या हाती पोर दिली. त्या भीतीनं गप्प बसले. आणि काल मोठ्या बाईंनी बोट ठेवून "इथे" म्हटलं, तर टकळीनं तो शब्द वाचायच्या आधीच माझा हात सवयीनं चालला. त्या कागदावर माझी सही आहे. परत मागितला तर म्हणाल्या, सही झालेला कागद फाइलीतून निघत नाही. त्याची एक प्रत टपालानं तुमच्याकडे येतेय, तिच्यावर तुम्हा दोघांच्या, आईबापांच्या, सह्या लागतात. माझी सही बघून आईनं मान्य केलं असं समजू नका. माझ्यावर हवं तेवढं रागवा, पण सही करू नका. जाताना वर्गबाई जिन्यातून एकट्याच परत वर आल्या आणि म्हणाल्या, टकळीनं कधी न पाहिलेलं पुस्तक घेऊन येते, मोठ्या बाईंनाही आणते, तिनं वाचलं तर कागद त्यांच्यासमोर रद्द करायला लावते. गुरुवारी, शाळा सुटल्यावर, चार वाजता येणार आहेत.

तुझीच,
चिडलेली सासू