घोरणं थांबतं तेव्हा

डॉक्टरबाई,

पण ते तुम्ही चारचौघांत बोलायला नको होतं. आता तुम्ही नाही म्हणून मी हा विषय सोडेन, असं समजू नका.

आमच्या आबांच्या सिक्स सीटरमधून तुम्ही पाषाणहून सूसला यायचात, दवाखाना उघडायला. त्या दिवशी खिंडीच्या उताराला आबांचा डोळा लागला आणि गाडी चारीत जाता जाता राहिली. तुम्ही घाबरलात, कबूल. पण खाली उतरून सगळ्यांना म्हणालात, "उतरा. हा माणूस झोपेत गाडी चालवतो." बाजूला घेऊन सांगता आलं नसतं का?

गावानं त्याचा अर्थ एकच काढला. आबा प्यायला लागले! ज्या माणसानं जन्मात बाटलीचं बूच हुंगलं नाही तो. शिटा मिळेनात, गाडी दारात उभी राहिली आणि मी नववीतून बाहेर पडलो. शाळेत माझं मन तसंही नव्हतं, ते सोडा. पण तुमच्यावर ढकलायला बरं पडलं.

परवा आईचा फोन आला. मी इथं कांडल्याला आहे, बंदरावर ट्रेलर चालवतो. त्याआधी सुरत, त्याआधी चाकण, कुठंच वर्षभर टिकलो नाही. आई म्हणाली, तापाचं निमित्त झालं आणि दाताच्या बाई गेल्या. मी बरं म्हटलं. रडूबिडू आलं नाही, खोटं कशाला लिहू? पण तिनं पुढं जे सांगितलं ते तुम्हालाच सांगायला पाहिजे. दुसऱ्या कुणाला ते कळायचं नाही.

तुम्ही अठ्ठ्याण्णव साली गाळा घेतला तेव्हा सूसला सोसायट्या नव्हत्या. मिश्री लावून दाढा किडलेल्या बाया यायच्या, तेवढंच गिऱ्हाईक. मग तुम्ही मुंबईला जाऊन काहीतरी शिकून आलात आणि दातांच्या पाटीखाली दुसरी पाटी लावली, घोरण्यावर आणि झोपेत श्वास अडकण्यावर उपचार. तालमीतली पोरं विचारायची, बाई, घोरणारा दात कुठला असतो, तेवढा उपटा. तुम्ही म्हणायचात, दात नाही रे, जबडा पुढं ओढते, ये, तुझ्यापासून सुरुवात करू. मग कुणी आत यायचं नाही.

तुमची नजरच वेगळी. समोरच्याचं तोंड बघायच्या आधी मान बघायचात, आखूड हाय का जाड हाय. कुणाचं पोर तोंड उघडं टाकून झोपलेलं दिसलं की त्याच्या आईला थांबवायचात, हे रात्री घामाघूम होतं का, शाळेत पेंगतं का? बाया म्हणायच्या, लई चौकश्या हिला.

गाडी बंद पडल्यावर आठवड्यानं तुम्ही घरी आलात. मी दारातच बसलो होतो, उठलो नाही. आबा मात्र तुम्हाला चहा घ्याच म्हणाले. त्यांना तुमचा राग कधी आलाच नाही, याचाच मला राग. तुम्ही त्यांना पुण्याच्या दवाखान्यात तपासणीला पाठवलंत. अंगाला वायरी लावून रात्रभर झोपवलं. आबा येऊन म्हणाले, "लोकं झोपायचे बी पैसे घेत्यात." तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, रात्री नाकाला लावायचं हवेचं मशीन नको, जबड्याचा साचा चालेल. मग तुम्ही गुलाबी लगदा तोंडात कोंबून माप घेतलंत आणि वर-खाली अडकणाऱ्या दोन पट्ट्या करून दिल्यात. त्या घातल्या की आबांचा खालचा ओठ रुसलेल्या पोरासारखा पुढं यायचा.

दोन महिन्यांनी तपासायला बोलावलंत. साचा नवाकोरा, एक ओरखडा नाही! तुम्ही विचारलंत, घालत नाही का? आबा म्हणाले, "घालतो की. पाहुण्यांकडं मुक्कामाला गेल्यावर." एवढी भारी वस्तू कुणी घरात वापरतं का? लग्नाच्या टोपीबरोबर पेटीत ठेवली होती. पाहुण्यांत घोरून लाज जाऊ नये, म्हणून तर ती केलीय, असंच आमच्या घरात सगळे समजून होते. मी पण.

तुम्ही हसला नाहीत. आईकडं वळून विचारलंत, रात्री कसं असतं? आई म्हणाली, "लई घोरत्यात. पण मधनं थांबत्यात. थांबलं की मला बरं वाटतं, तेवढ्यात माझा डोळा लागतो."

"अहो वहिनी," तुम्ही हळूच म्हणालात, "थांबतं तेव्हा ते श्वास घेत नसतात."

आई पदराचं टोक पिळत राहिली. इतकी वर्षं ती ज्याची वाट बघत पडायची, ते हे होतं. त्या रात्री तिनं पेटीतून साचा काढला आणि आबांच्या हातात दिला. हे घाला, न्हाईतर मी झोपत न्हाई, म्हणाली. हे तरी तिला एकटीला सांगायचं होतंत, बाई. पण एकटीला सांगितलं असतं तर आबांनी घातला असता का?

पुढं पुण्याच्या डॉक्टरांनी हो म्हटल्यावर आबांनी गाडी काढली. पहिल्या दिवशी तुम्ही हँडलशेजारी बसलात, जिथं बाया बसत नाहीत, आणि सूसपर्यंत डोळे मिटून आलात. झोपला होतात, का लोकांना दाखवत होतात? फाट्यावर सगळ्यांनी बघितलं. आठवड्याभरात शिटा परत भरायला लागल्या. हे मी कुणाला सांगत नाही, भांडण अर्धं होतं.

आता आईनं सांगितलेलं ऐका. साचा तडकलाय. तुमच्या गाळ्यात तुमच्याच हाताखाली शिकलेली मॅडम बसते, पण आबा म्हणतात, बाई न्हाईत, आता कुणापुढं तोंड उघडू? आणि हल्ली ते महाळुंग्याच्या सोसायट्यांतली पोरं शाळेत सोडतात. व्हॅन भरून पोरं, बाई! आई म्हणाली, "परत थांबाय लागल्यात रं."

मी आबांना फोन केला, ऐकेनात. मग व्हॅनच्या मालकाला केला. त्यानं पहिलं हेच विचारलं, पितात काय? मी म्हटलं, दारू नाही, श्वास. साचा नवा होईस्तोवर चावी देऊ नका. त्यानं सगळ्या ड्रायव्हरांसमोर चावी मागून घेतली. रात्री आबांचा फोन आला. "बापाला चारचौघांत उतरवलंस," म्हणाले आणि ठेवून दिला. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत.

तुमच्याशी त्यांनी चहा प्यायला, बाई. माझ्याशी कधी बोलतील?

बोलू देत, नाहीतर न बोलू देत. मी येत्या आठवड्यात रजा टाकून येतो आणि त्यांना स्वतः त्या मॅडमच्या खुर्चीत बसवतो. नवा साचा तोंडात जाऊन नीट बसला हे पुण्याचे डॉक्टर सांगेपर्यंत परत फिरणार नाही. मला कुठं टिकून राहायची सवय नाही, तुम्हाला माहीत आहे. पण एवढं करतो.

तुमचा,
नवनाथ

ता. क. मुकादमाकडून उचल घेतलीय. आबांचा बुडालेला पगार आणि साच्याचा खर्च मिळून आईच्या खात्यावर आज अकरा हजार टाकतोय.