राखेची चिमूट

रविवार, १२ नोव्हेंबर १९७२

उमरेडहून आत्ताच एसटीने परत आले. अजून हात धुतले नाहीत. बोटांना राख आहे, राहू दे.

सकाळी हातमागावर एक उभा धागा तुटला आणि मी शहाणीने त्याला गाठ मारली. पक्की, क्रोशात मारते तशी. लेस शिकले, जपानी भरतकाम शिकले, सगळीकडे माझ्या गाठीचं कौतुकच झालं होतं ना! इथे ती फणीत अडकली आणि शेजारचे आठ धागे तोडून बसली. लुगडं तर मला शिकवणाऱ्या पार्वताबाईंच्या लेकीच्या लग्नाचं. मला रडूच यायचं बाकी होतं.

"अवं, गाठ काहून मारली?" पार्वताबाई म्हणाल्या. "धागा बांधाचा नसते, त्याले पीळ द्याचा असते." चुलीतली राख आणली, चिमूटभर बोटांना लावली, दोन टोकं जुळवून वळली. झालं! मग मी. दहादा निसटलं, अकराव्यांदा धरलं. बाकीचे सगळे मीच जोडले, बाईंनी हातही लावला नाही.

दुपारभर विणलं. वीतभर कापड झालं तेव्हा म्हणाल्या, "आता दाखव, कुठं जोडलं होतं?"

मी वाकून पाहिलं, बोट फिरवलं. सापडेना. माझंच काम, आणि मलाच सापडेना!

"जाय आता घरी," बाई हसत म्हणाल्या. "आलं तुले."

ह्यांनी जेवायला दोनदा हाक मारली. हात धुवावेच लागणार का?